कार्डावर जागा नव्हती

तापकीर गल्लीतल्या त्या दुकानात काउंटरवर पाच-सहा प्रकारची मेमरी कार्डं मांडलेली होती आणि माझा भाऊ दुकानदाराला मेमरी कार्ड म्हणजे काय ते समजावून सांगत होता. माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली. आज इतकी वर्षं झाली, पण कोणी कार्डाचा विषय काढला की मला तो काउंटर आठवतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

कॅमेरा माझा होता. कंपनीने मला काही महिने परदेशात कामाला पाठवलं होतं, तिथून येताना मी तो माझ्या पगारातून आणला होता. आयटीतल्या आमच्या पिढीने त्या काळात परदेशातून ज्या दोन-चार गोष्टी आणल्या, त्यातली ही एक. साबणाच्या डबीएवढा, चंदेरी, हातात घेतला की जड लागणारा. त्याच्यासोबत आलेलं कार्ड इतकं लहान होतं की त्यात जेमतेम एका वाढदिवसाचे फोटो मावायचे, तेही केक कापेपर्यंतचे. म्हणून मोठं कार्ड घ्यायचं होतं, आणि ते काँप्युटरला जोडायला एक कार्ड रीडर. कॅमेऱ्याच्या वायरने फोटो उतरवायला बसलं की अर्ध्यात बॅटरी मान टाकायची.

पण आमच्या घरात कुठलंही यंत्र आलं की ते आपोआप दादाच्या अखत्यारीत जायचं. मिक्सर असो, व्हीसीआर असो, माझी स्कूटी असो. दादा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता, आणि पुरुष होता, एवढी पात्रता पुरेशी होती. मी दिवसभर कंपनीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायची, त्याचा पगार घ्यायची. घरी आले की मला त्यातलं काही कळत नसे.

दुकानदाराने दादाचं व्याख्यान ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅमेरा कोणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"मग आपण का बोलत नाही?"

"अहो, तिला विचारू नका, ती नुसती फोटो काढते," दादा म्हणाला आणि हसला. दुकानदार हसला नाही. मला त्या क्षणी तो माणूस आवडला होता.

मी सांगितलं की मला सगळ्यांत मोठं कार्ड हवं आहे. दादाने हात वर करून मला थांबवलं. त्याचा सिद्धांत तयार होता. मोठं कार्ड म्हणजे सगळे फोटो एकाच ठिकाणी, ते बिघडलं की सगळंच गेलं. त्यापेक्षा दोन लहान घ्यायची. ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटलं की मी मान डोलावली. खरं तर बोलणं चूक नव्हतंच. चूक पुढे झाली. दोनातलं त्याने एकच घेतलं. दुसरं म्हणे पुढच्या वेळी, आत्ता घाई काय आहे.

मग कार्ड रीडर. तेव्हा प्रत्येक कंपनीचं कार्ड वेगळ्या आकाराचं असायचं, एकाचं दुसऱ्यात जाईल तर शपथ. दादाला असा रीडर हवा होता ज्यात सगळी कार्डं बसतात. घरात कार्डाचा एकच प्रकार, पण रीडर मात्र सर्वधर्मसमभाववाला. दुकानदाराने खोक्यातून एक पारदर्शक निळी वस्तू काढली.

"यात सगळी चालतात?" दादाने विचारलं.

"चालतात. किती दिवस, ते विचारू नका."

दादाने तोच घेतला. घरी आल्यावर कळलं की कार्ड आत ढकलून, रीडर किंचित तिरका करून, अंगठ्याने दाबून धरला तरच काँप्युटरला तो दिसतो. अंगठा हलला की सगळं बंद. आणि तो अंगठा रोज माझा असायचा, कारण फोटो उतरवणं हे क्लार्कचं काम, ते दादा करत नसे.

आता हे सगळं मी इतक्या रागाने का सांगते आहे, ते कळायला आमच्या घरातले जुने अल्बम बघायला हवेत. वडील हयात होते तोवर घरात रोलचा कॅमेरा होता, कातडी पिशवीतला. एक रोल गणपतीत घातला की पुढच्या वर्षी कोणाच्या तरी मुंजीपर्यंत पुरवायचा. बाबा डोळ्याला कॅमेरा लावून इतका वेळ थांबायचे की माणसं अवघडून जायची. त्या सगळ्या अल्बमांत माझी आई कुठे आहे? पंगतीच्या फोटोत वाढणारा एक हात आहे, तो तिचा. केळवणाच्या फोटोत कडेला अर्धा खांदा कापला गेलाय, तो तिचा. आणि सगळ्यांच्या एकत्र फोटोत, पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिलेली, ओठ गच्च मिटलेली बाई म्हणजे आई. "माझा कशाला? रीळ फुकट जाईल," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं, आणि सगळ्यांना ते पटायचं. मलाही लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. डिजिटल कॅमेरा घेताना माझ्या डोक्यात खरं तर हेच होतं, की आता रीळ नाही, फुकट जाण्याचं कारण नाही, आता मी हिचे मनसोक्त फोटो काढणार.

कॅमेरा दिसला की ती ओठ मिटायचीच. पण एकदा मला ती सापडली.

दादाने कोथरूडमध्येच, आमच्या घरापासून दोन चौक पलीकडे, नवीन फ्लॅट घेतला. त्याची वास्तुशांत होती. आई आणि मी भल्या सकाळी पुढे गेलो होतो. बाबा गेल्यावरही आईने कुंकू सोडलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर नथही घातली होती. दादा-वहिनी गुरुजींना आणि सामानाला घेऊन मागून येणार होते. घरात नुसत्या भिंती, रंगाचा वास, आणि आम्ही दोघी. आईने कलशासाठी पाणी घ्यायला स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ नुसताच फुसफुसला. तिने वाकून आत बघितलं, आणि त्याच क्षणी नळ खोकला आणि पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर. ती मागे सरली, आणि हसायला लागली. तोंड भरून, दात दाखवत, बाजूचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे तो सुद्धा दिसेल असं. सावरून पुन्हा नळाशी गेली, तर पुन्हा तेच. तिला हसू आवरेना. कुंकू ओघळलं, नथ वाकडी झाली, आणि दोन्ही हातांत कलश असल्यामुळे तोंडावर पदर घेता येईना. कॅमेरा माझ्या हातात होता. मी बटण दाबत राहिले.

मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी तिला तिचे फोटो दाखवले. तिने पदराला हात पुसले, चष्मा नाकावर ओढला आणि वाकून बघितलं.

"ही मी?"

"मग कोण?"

"अगंबाई, दात किती दिसतायत." आणि थोड्या वेळाने, कलश मांडता मांडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो नळाचा पुन्हा दाखव जरा."

मी तिला दाखवला. इतकी खूष मी त्या कंपनीत, त्या परदेशात, कुठेही झाले नव्हते.

दादा आला, पाहुणे यायला लागले आणि पूजा आटोपल्यावर त्याने माझ्यापुढे हात केला. "दे इकडे. तू वाढायला घे, मुली कमी पडतायत." माझा कॅमेरा, मी काढलेले फोटो, आणि मी वाढायला. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून दिला. मग मी मठ्ठा वाढत असताना दिवाणखान्यात फ्लॅश उडत राहिले. त्याचे कारखान्यातले साहेब सपत्नीक आले तेव्हा तर फारच उडाले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कार्ड त्या निळ्या भिकार रीडरमध्ये घातलं, अंगठ्याने दाबून धरलं. पडद्यावर फोटो एकेक उमटायला लागले. गुरुजी. होम. आहेर. साहेब. साहेबांच्या पत्नी. साहेब आणि दादा. साहेब जेवताना. साहेब खिडकीतून टेकडी बघताना. सकाळचा एकही फोटो नाही. नळ नाही, स्वयंपाकघर नाही, आई नाही. आधी मला वाटलं अंगठा हलला असेल. पुन्हा लावलं. पुन्हा साहेब.

दादाला फोन केला.

"सकाळचे फोटो कुठेत?"

"ते उडवले. कार्डावर जागा नव्हती. तेच तेच तर होते सगळे."

"तेच तेच? आईचे होते ते!"

"हो, आईचेच. वेळेवर जागा करायला नको? साहेब उभे होते."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. दुसरं कार्ड घेतलं असतंस तर, हे नक्की बोलले. वास्तुशांतीच्या दिवशी बहिणीने असं बोलू नये, हे तो नक्की बोलला. मी फोन आपटला. आई आतून म्हणाली, "जाऊ दे गं. फोटोच ते." मी तिच्यावरही ओरडले, की तुझ्या या जाऊ दे-जाऊ देनेच सगळं वाटोळं झालंय. ती भाताला फोडणी घालायला लागली.

पुसलेले फोटो कार्डावरून लगेच नाहीसे होत नाहीत, एवढं मला माहीत होतं. नोंद पुसली जाते, चित्र आत पडून असतं, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. कंपनीतल्या एका मैत्रिणीने असे फोटो परत काढणारा प्रोग्राम दिला. पण तो बराच वेळ चालायचा, आणि आमचा रीडर तर अंगठा थकला की मेला. तेव्हा मी पुन्हा त्या गल्लीत गेले, एकटी. दुकानदाराने मला ओळखलं.

"आज साहेब नाहीत बरोबर?"

"साहेबांचं नाव काढू नका," मी म्हणाले. त्याला वाटलं मी दादाबद्दल बोलतेय. "एकाच जातीचं कार्ड घेणारा, साधा, न हलणारा रीडर द्या. आणि सगळ्यांत मोठं कार्ड."

"मोठं कार्ड मागच्या वेळीच मागितलं होतंत," तो म्हणाला, आणि दोन्ही वस्तू समोर ठेवल्या. त्याचं खरं होतं म्हणून मला जास्तच संताप आला.

नवा रीडर दगडासारखा स्थिर होता. प्रोग्रामने कार्ड खरवडून काढलं आणि हाताला काय लागलं? बहुतेक जागी साहेब बसले होते. आईच्या चित्रांवर साहेबांची चित्रं लिहिली गेली होती, अगदी अक्षरशः. एकच फोटो अर्धवट आला. वरून खाली उघडत गेला. ओल्या केसांची बट, ओघळलेलं कुंकू, हसताना बारीक झालेले डोळे, नाक, नथीचा वरचा मोती. तिथे चित्र संपलं. खाली नुसता करडा पट्टा. मी तो फोटो तसाच जपून ठेवला. आईला दाखवला नाही. दादाशी मी गौरीगणपतीपर्यंत बोलले नाही, आणि नंतर बोलायला लागले ते फक्त वहिनीसाठी.

पुढच्या उन्हाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय त्यातून बऱ्यापैकी सावरले, पण चेहरा एका बाजूला ओढला गेला. डावीकडचा ओठ खाली लोंबायचा, पाणी पिताना तिथून ओघळायचं. शब्द एकेक करून, मध्ये थांबत यायचे. ज्या बाईने जन्मभर फटाफट उत्तरं दिली तिला एक वाक्य पुरं करायला तेवढा वेळ लागताना बघून मला कोणाला तरी मारावंसं वाटायचं.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. खूप चांगल्या, हसतमुख. त्यांनी आईपुढे आरसा मांडला आणि सांगितलं, रोज आरशात बघून हसायचं, ओठाचा कोपरा बोटाने वर उचलून धरायचा. आई आरशात बघायची आणि गोंधळायची. हसायचं म्हणजे काय करायचं तेच तिला सुचेना. तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, "यांचा एखादा छान हसरा फोटो आरशाशेजारी लावाल का? पूर्वीचा. म्हणजे त्यांना चेहरा आठवेल, बघून प्रयत्न करता येईल. पुष्कळ उपयोग होतो."

एखादा हसरा फोटो. मी सगळे अल्बम जमिनीवर काढले. मुंजीतल्या भावाचे हसरे फोटो होते, माझे बोळक्या तोंडाचे होते, काकांचे, आत्यांचे, सोसायटीच्या वॉचमनचा सुद्धा होता. आईचा एक नव्हता. हात, खांदा, पाठ, मिटलेले ओठ. नव्या कार्डात भरपूर जागा होती आणि त्यात मी काढलेल्या प्रत्येक फोटोत ती तोंडावर पदर धरून होती. कोणी म्हणेल एवढं काय, फोटोच ते. मी त्या जमिनीवर बसून रडले आणि त्या रडण्यात दुःखाहून राग जास्त होता. पूर्ण चेहऱ्याने हसणाऱ्या आईचा एकच फोटो या जगात उरला होता, आणि माझ्याकडे त्याचा नाकापर्यंतचा भाग होता.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच विचारलं. आरशासमोर बसली होती. "ते... नळाचे," ती म्हणाली. "ते... लाव ना."

जिने कधी स्वतःचा फोटो मागितला नाही, तिने पहिल्यांदा मागितला, आणि तो हा. मी "शोधते हं" म्हणून बाहेर आले आणि दादाला बोलावून घेतलं. फोनवर नाही, समोर ये म्हणाले.

तो ऑफिसातून थेट आला, हातात हेल्मेट. मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि जे इतके महिने साठवलं होतं ते सगळं बाहेर काढलं. तुझ्या साहेबांचे जेवतानाचे फोटो लाव आता आरशाशेजारी, म्हणाले. त्यांच्याकडे बघून हसायला शिकेल आई. ते साहेब तुझ्या आईला बघायला एकदा तरी आले का, म्हणाले. सगळ्या घराला शहाणपण शिकवणारा माणूस, एक कार्ड घेता आलं नाही तुला.

दादा ऐकत राहिला. तो उलटून बोलेल म्हणून मी तयार होते, पण तो नुसता हेल्मेटचा पट्टा पिळत होता. मग म्हणाला, "मी माझ्या मनाने नव्हते पुसले."

"म्हणजे?"

"साहेब आले तेव्हा कार्ड भरल्याचं दाखवायला लागलं. मी बटणं दाबत होतो. आई प्रसादाचं ताट घेऊन चालली होती, तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, जागा नाही. तर तीच म्हणाली, मग माझे काढून टाक ना. मी काय, रोजचीच आहे. साहेब पुन्हा कधी येणार?"

"खोटं बोलतोस."

"विचार तिला. तीच म्हणाली होती, हिला सांगू नकोस, माझ्यावर चिडेल. म्हणून तुझं सगळं ऐकून घेतलं."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. इतके महिने ज्याच्यावर राग धरला त्याच्यावरून तो काढून ठेवायचा कुठे? मी दार ढकलून आत गेले. दादा माझ्यामागे आला. आई आरशासमोर तशीच बसली होती. दार पातळ होतं, तिने सगळं ऐकलं असणार. तरी मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला, आजारी माणसापुढे चढू नये तितका.

"तू सांगितलं होतंस त्याला, तुझे फोटो पुसायला?"

आईने मान हलवली. हो.

"का पण? तुला आवडले होते ना ते? दोनदा बघितले होतेस!"

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. तोंडाच्या चांगल्या बाजूने शब्द गोळा करायला तिला वेळ लागला.

"जन्मभर... किती काय काय... सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली. "नेमकं... एवढंच... ऐकलंत."

मग बोटाने ओठाचा डावा कोपरा वर उचलून धरला, आणि पुन्हा आरशात बघायला लागली.